आढळलेले दोष

"असं प्रोफाइल बनवतो," खडू म्हणाला, "की कंपन्या आपल्या दारात रांग लावतील, आणि मी आतून विचारीन, तुमचा अनुभव काय?"

हे वाक्य त्याने सकाळच्या चहाच्या वेळी, बायको आणि मेहुणी अशा दोन साक्षीदारांसमोर उच्चारलं. पुढे जे काही घडलं त्यानंतर दोघींपैकी एकीनेही त्याला या वाक्याची आठवण करून दिली नाही. माणसं आपल्याला वाटतात तितकी वाईट नसतात.

खडू हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. पत्र्याची कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस होता. कपाट रंगून, वाळून आलं की त्याच्यासमोर उभं राहायचं. तो दार उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा, कुलूप फिरवायचा, बिजागरीला कान लावायचा, आणि जिथे खोट दिसेल तिथे खिशातल्या खडूने गोल करायचा. म्हणून खडू. नव्याने लागलेल्या लोकांना हे 'खडूस'चं लाडकं रूप वाटे, आणि त्यांचाही फार मोठा गैरसमज होत असे असं नाही.

त्याला हे काम शिकवणारा म्हातारा तपासनीस एकच मंत्र देऊन निवृत्त झाला होता. रिपोर्टात वर गुण लिहायचे, खाली 'आढळलेले दोष' लिहायचे, आणि खालचा रकाना कधी रिकामा सोडायचा नाही. "रिकामा रकाना म्हणजे तपासणी खुर्चीत बसून झाली," म्हातारा म्हणायचा. आणि खरंच, कोरा रकाना दिसला की वरचे साहेब कागद परत पाठवायचे. उलट 'मागच्या बाजूस नखाएवढा ओरखडा' एवढं लिहिलं की कपाट निमूट ट्रकमध्ये चढायचं. एका ओरखड्यामुळे बाकीचं सगळं कपाट खरं ठरत असे. खडूने हा मंत्र नुसता पाठ केला नव्हता, तो त्याच्या अंगात मुरला होता. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी आवडल्याचं त्याने घरी कळवलं होतं ते "पसंत आहे, जरा भरभर चालते" अशा शब्दांत.

तर हा कारखाना बंद पडला. पत्र्यापेक्षा पत्र्याखालच्या जमिनीला भाव जास्त आहे हे मालकाच्या मुलांना कळलं आणि सगळे एकाच दिवशी घरी बसले. खडू पहिले काही दिवस घरातल्या कपाटांची दारं उघडत-मिटत राहिला. मग बायकोने आपल्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. मेहुणी लोकांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका कचेरीत कामाला होती.

तिने तासाभरात त्याचं प्रोफाइल तयार केलं. खडूने ते वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"'गुणवत्तेचा ध्यास घेतलेला दूरदर्शी नेता'," तो म्हणाला. "हा कोण?"

"तुम्हीच, भावोजी."

"मला लांबचा चष्मा आहे."

"अहो, असंच लिहितात सगळे."

"म्हणूनच कुणी वाचत नसणार."

मेहुणीने कपाळाला हात लावला. मग, घडल्या प्रकारात तिचा जो काही वाटा आहे तो एवढाच, ती म्हणाली, "बरं, तुमच्या मनासारखं करा. आणि हल्ली कंपन्यांनाही अस्सल माणूसच हवा असतो म्हणे. जसे आहात तसे दिसा. फक्त खरं लिहा."

खडूला फक्त खरं लिहा म्हणणं म्हणजे भुकेल्याला जेव म्हणण्यासारखं होतं. मेहुणी घरी गेली आणि तो बसला. आधी फोटो. कपाटाचे फोटो तीन बाजूंनी काढतात, समोरून, बाजूने आणि मागून. त्याने बायकोला मोबाइल दिला आणि भिंतीपाशी उभा राहिला.

"अहो, पाठीचा फोटो कशाला?"

"गिऱ्हाइकाने मागची बाजू बघू नये असं ज्याला वाटतं, त्याच्या मागच्या बाजूला काहीतरी असतं."

"तुमच्या मागच्या बाजूला टक्कल आहे."

"मग ते दिसू दे."

गुण त्याने चार ओळींत उरकले. दोषांना मात्र योग्य ती जागा दिली. बोलताना समोरच्याच्या शर्टाची बटणं तपासतो. जेवणाच्या सुट्टीत कुणी हाक मारलेली आवडत नाही. संगणक एका बोटाने चालवतो, ते बोट मात्र चुकत नाही. खोटं बोललं की कान लाल होतात. हा शेवटचा दोष बायकोने सुचवला, आणि खडूला तो मान्य करावा लागला, कारण "मला नाही वाटत" असं म्हणताना त्याचे कान लाल झाले होते.

त्या साइटवर हे असलं काही कुणी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या नावापुढे अंगठ्यांचा ढीग पडला. अनोळखी लोकांनी लिहिलं, 'शेवटी एक खरा माणूस!' मेहुणीने फोन केला तेव्हा तिचा आवाज हसू दाबल्याने चिरकत होता. "भावोजी, आमच्या कचेरीत सगळे तुमची पाठ बघतायत," ती म्हणाली. माणूस टीकेने बिघडत नाही तेवढा कौतुकाने बिघडतो. खडू आरशात कान बघून आला आणि कामाला लागला.

आता त्याच्या लक्षात आलं की इथे एकाने दुसऱ्याची शिफारस लिहायची सोय आहे. कारखान्यातले सगळेच नोकरी शोधत होते, सगळे त्याच साइटवर होते, आणि सगळ्यांनी एकमेकांना 'मेहनती व मनमिळाऊ' असं लिहून ठेवलं होतं. एकाच साच्यातून काढल्यासारखं. कुणाचाही रकाना भरलेला नाही! खडूला हळहळ वाटली. या बिचाऱ्यांची तपासणीच झालेली नाही, मग यांच्यावर विश्वास ठेवणार कोण?

मॅनेजरसाहेबांबद्दल त्याने लिहिलं, 'स्वभावाने सज्जन. कामगारांचं ऐकून घेतात. दोष: निर्णय घेण्यासाठी शेजारच्या खोलीत जातात आणि परत येत नाहीत.' हिशेबाच्या बाईंबद्दल लिहिलं, 'आकड्यात चूक नाही. दोष: आवाजात आहे.' गोदामवाल्याबद्दल लिहिलं, 'वस्तू कुठे ठेवली ते कायम लक्षात राहतं. दोष: सांगत नाही.'

"त्यांना विचारलंत का?" बायकोने पोळी लाटता लाटता विचारलं.

"तपासायच्या आधी कपाटाला विचारतात का?"

"कपाटाला नोकरी शोधायची नसते," बायको म्हणाली. पण हे ती बोलेपर्यंत खडूचं बोट पुढच्या नावावर गेलं होतं.

ते नाव फवाऱ्याचं होतं. फवारा म्हणजे कारखान्याचा रंगारी, आणि खडूचा एकुलता एक म्हणावा असा मित्र. रंगाची पिचकारी हातात घेतली की तो कपाटाभोवती असा फिरायचा की बघणाऱ्याने काम सोडून बघत बसावं. त्याने रंगवलेल्या दारात तोंड बघून दाढी करता येई. आणि त्याचं एक गुपित होतं, जे फक्त खडूला ठाऊक होतं. दुपार उलटली की फवाऱ्याचा उजवा हात जड व्हायचा, जरासा थरथरायचा. मग दाराच्या खालच्या कोपऱ्यात रंगाचा बारीक ओघळ उतरायचा. खडू तिथे गोल करायचा आणि हळूच हाक मारायचा, "अरे, इकडे ये जरा." फवारा पॉलिशपेपर घेऊन यायचा, कोपरा घासायचा, वर हलकासा हात मारायचा, आणि खडूची खूण ओल्या फडक्याने पुसून टाकायचा. पुसलेली खूण रिपोर्टात चढत नाही. इतकी वर्षं कारखान्यात एकाही साहेबाला फवाऱ्याचा हात कळला नव्हता.

फवाऱ्याची शिफारस खडूने जीव ओतून लिहिली. त्याच्याइतका एकसारखा रंग कुणी मारत नाही, रंग वाया घालवत नाही, नव्या पोरांना शिवी न देता शिकवतो, पिचकारी स्वतः धुतो. मग तो खालच्या रकान्यापाशी आला आणि थांबला.

दोष काय लिहायचा? काहीच नाही असं लिहिलं तर लोक म्हणणार, दोस्त आहे, बसल्या जागी लिहिलंय. वरचं सगळं सोनं मातीमोल होणार. एखादा लहानसा ओरखडा हवाच. खडूने खूप विचार केला. मित्राचं भलं व्हावं म्हणून केला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. आणि मग त्या न चुकणाऱ्या बोटाने त्याने लिहिलं, 'दोष: दुपारनंतर उजवा हात किंचित जड होतो.'

वाचून त्याला समाधान वाटलं. 'किंचित' हा शब्द त्याने मुद्दाम, मैत्रीखातर घातला होता.

फोन यायला दोन दिवस लागले. पहिला मॅनेजरसाहेबांचा. ते मुलाखतीला गेले होते. पॅनलवरच्या एकाने हसत विचारलं होतं, "साहेब, शेजारची खोली हवी आहे का?" साहेब खरोखरच उठून शेजारच्या खोलीत गेले होते आणि तिथून थेट घरी. मग हिशेबाच्या बाईंचा फोन आला. त्यांचं बोलणं खडूला फोन कानापासून हातभर लांब धरूनही ऐकू येत होतं, स्वयंपाकघरात बायकोलाही येत होतं. गोदामवाल्याने फोन केला नाही. त्याच्याकडे खडूची छत्री होती, ती कुठे आहे हे मात्र त्याने नंतर कधीच सांगितलं नाही.

खडू जरा वरमला. पण मनाची समजूत घालायला फवारा होता. फवाऱ्याचं काम तर झाल्यातच जमा होतं. तो सांगत होता, गावाबाहेर कुठलासा एक नवा कारखाना निघाला होता, तिथे त्याने सकाळी एक दार रंगवून दाखवलं होतं, आणि त्यांनी पहिल्या तारखेपासून या म्हणून सांगितलं होतं. त्या आनंदात त्याने नवे बूट घेतले होते. खडूने त्याला दोनतीनदा फोन लावला, त्याने उचलला नाही. नव्या नोकरीच्या तयारीत असेल, असं खडूने ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात खडूलाच बोलावणं आलं. कपाटांचाच कारखाना होता. बायकोने शर्टाला इस्त्री केली, मेहुणीने फोनवर बजावलं, "भावोजी, बटणांकडे बघू नका," आणि खडू छाती काढून निघाला. एकच कंपनी होती आणि रांगेत तिच्याऐवजी तोच उभा होता, पण एवढं चालायचंच.

मालकीणबाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली नाही. सरळ शेडमध्ये नेलं आणि एका कपाटासमोर उभं केलं. "बघा," एवढंच म्हणाल्या.

कित्येक दिवसांनी कपाट समोर आलं होतं. खडूने दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बिजागरी ठीक. कुलूप ठीक. रंग तर असा की त्यात मालकीणबाईंच्या शर्टाचं सैल झालेलं बटण दिसत होतं. त्याने तिकडे बघितलं नाही. मग तो वाकला. दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक ओघळ होता. खडूचा हात आपोआप खिशात गेला आणि गोल उमटला.

गोल पुरा झाला आणि मग त्याला कळलं. तो ओघळ त्याच्या ओळखीचा होता. असा डावीकडे झुकत उतरणारा ओघळ जगात एकाच हाताचा होता.

"हे दार कधी रंगवलंय?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"चार दिवसांपूर्वी. एका रंगाऱ्याला घेणार होतो. सकाळी फार सुंदर काम केलं होतं त्याने. मग आमच्या कचेरीतल्या मुलीने त्याच्याबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. म्हटलं, दुपारीही एक दार रंगवून बघू." मालकीणबाईंनी कोपऱ्याकडे बोट केलं. "तुम्ही लिहिलं होतं तस्संच निघालं. त्याला नाही म्हटलं आणि तुम्हाला बोलावलं. असाच डोळा हवाय मला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. फक्त इथे हात दुसऱ्याचा होता.

खडूने खिशातून रुमाल काढला, कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपात बुडवला आणि गोल पुसला. घासून घासून पुसला.

"का पुसताय?"

"हा दोष नाही, बाई. त्या दिवशी हवा दमट असणार. हवा दमट असली की रंग उतरतो. त्याचा हात अगदी ठणठणीत आहे. मी जे लिहिलं ते... ते दुसऱ्याच एका रंगाऱ्याबद्दल होतं. नावात घोळ झाला."

मालकीणबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या दोन्ही बाजूंना, जरा वर, आलटून पालटून बघत होत्या.

"तुमचे कान लाल झालेत," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय."

प्रोफाइल अस्सल असलं की असं होतं. पळवाटाही आपणच बुजवून ठेवलेल्या असतात.

मग खडूने खोटं बोलणं सोडलं आणि जे होतं ते सांगितलं. हाक मारणं, पॉलिशपेपर, ओलं फडकं, सगळं. शेवटी म्हणाला, "त्याला घेणार असाल तर मी येतो. नाहीतर नको." घरी काय परिस्थिती आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी हे बोलताना त्याचे कान पांढरेफटक होते. मालकीणबाईंनी तेही पाहिलं असावं.

"सकाळची पाळी देईन," दाराच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या. "अर्धा दिवस, अर्धा पगार. पूर्ण दिवस मी आता जाणूनबुजून देऊ शकत नाही. तुम्ही लिहिलं नसतंत तर दिला असता."

हे शेवटचं वाक्य त्या सहज बोलून गेल्या. खडू ते घरापर्यंत वाहत घेऊन आला. आणि घरी न जाता फवाऱ्याकडे गेला.

दार फवाऱ्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी उघडलं. "या भावोजी," म्हणाल्या आणि आत पाणी आणायला गेल्या, त्या लवकर बाहेर आल्या नाहीत. दाराशी बुटांचं खोकं होतं, झाकण लावलेलं. फवारा खिडकीपाशी बसला होता, डाव्या हाताने उजवं मनगट चोळत. दुपार उलटली होती.

खडूने सगळं सांगितलं. शेड, कोपरा, सकाळची पाळी. मी काढून टाकलं रे ते लिहिलेलं, पुसून टाकलं, असंही म्हणाला.

"मोबाइलवरनं पुसलंस," फवारा म्हणाला. "वाचलेल्यांच्या डोक्यातनं कसं पुसणार?"

"चुकलं माझं. मला वाटलं, एक दोष लिहिला की बाकीचं खरं वाटेल."

"खरंच वाटलं की त्यांना."

खडूने खिशातला ओला रुमाल काढला आणि परत ठेवला.

"अरे, खूण केलीस त्याचं मला काही नाही," फवारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "खुणा तू रोजच करायचास. पण आधी हाक मारायचास ना मला."

वहिनींनी पाणी आणलं, ते त्याने उभ्या उभ्या प्यायलं. निघताना त्याने विचारलं, "येशील ना सकाळी?"

"येईन," फवारा म्हणाला. "बूट घेतलेत ते घालायला कुठेतरी जायलाच हवं."

पहिल्या तारखेला दोघे कामावर गेले. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की फवारा पिचकारी धुऊन घरी जायचा आणि खडू शेडमध्ये एकटा राहायचा. दुपारनंतरचा रंग एक तरुण मुलगा मारायचा. त्याचा हात स्थिर होता आणि कपाटं बिनचूक निघायची. खडूला रकाना भरायला ओरखडे शोधत बसावं लागायचं, आणि ते शोधण्यात त्याला आता पहिल्यासारखी मजा येत नव्हती.

एका रविवारी मेहुणी आली. तिचा चेहरा पडलेला होता. "भावोजी, तुमच्या प्रोफाइलवर कुणीतरी शिफारस लिहिलीय. तुम्ही आधी बघा. नको असेल तर लपवायचं बटण आहे, मी दाखवते."

खडूने चष्मा लावला. शिफारस फवाऱ्याची होती. खडूनेच फवाऱ्याला अगदी सुरुवातीला, अंगठ्यांच्या त्या दिवसांत, 'तूही माझ्याबद्दल दोन ओळी लिही' म्हणून सांगून ठेवलं होतं. ते तो विसरला होता, फवारा विसरला नव्हता.

'नजर पक्की. इतकी वर्षं एकही खोट यांच्या हातून सुटली नाही. दुसऱ्याच्या कामाला आपलं समजून जपतात. यांच्यासोबत काम केलं याचा अभिमान आहे. आढळलेले दोष: एकदा हाक मारायला विसरले.'

खडूने ते एका बोटाने खालून वर आणि वरून खाली नेऊन पुन्हा वाचलं. रिपोर्ट नमुनेदार होता. वर गुण होते, खाली रकाना भरलेला होता, भाषा मोजकी होती. म्हाताऱ्या तपासनिसाने डोळे मिटून सही केली असती.

"लपवायचं का?" मेहुणीने विचारलं.

"राहू दे," खडू म्हणाला आणि मोबाइल तिच्या हातात परत दिला. "चांगलं लिहिलंय. मला काही वाटलं नाही त्याचं."

बायकोने त्याच्या कानांकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.